बाळांच्या यंत्रातले दोनशे चाळीस बोर्ड

मी, पंकजा राव, वय एकसष्ट, अविवाहित, राहणार कुंभकोणम, पूर्ण शुद्धीत हे लिहिते आहे. कोणाच्या धाकाने नव्हे, उलट एकाचा धाक झुगारून. परवा तंजावरला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. घरची भाषा मराठी, म्हणून मराठीत. तमिळ प्रत भाची हरिणी करील.

१. राहतं घर थोरले बंधू शंकरनारायण, म्हणजे आमचे अण्णा, यांना. पितळी भांडी मात्र श्रीदेवीवहिनींना मुळीच देऊ नयेत. माझ्या हातांना सोल्डरचा वास येतो म्हणून हरिणीच्या बारशाला त्यांनी मला पोळी लाटू दिली नव्हती. भांडी शेजारच्या महालक्ष्मीला.

२. सर्किट बोर्डांच्या आमच्या कारखान्यातला माझा अर्धा हिस्सा हरिणीला, पण एका अटीवर. अट का, ते सांगणं भाग आहे.

गेल्या आयुधपूजेला मी सगळ्या मशीनना गंध-कुंकू लावलं. नमुन्याच्या बोर्डालाही लावलं. तो बोर्ड पाहूनच तपासणीचं मशीन बरोबर काय ते शिकतं. दुसऱ्या दिवशी मी मशीनला नव्याने शिकवलं, तेव्हा गंध दोन बिंदूंच्या मध्ये ओलसरच होतं. त्यातून वीज वाहिली आणि ते दोन बिंदू जोडलेलेच हवेत, असं मशीन शिकलं. झालं! मशीन चांगले बोर्डही नापास करू लागलं. अण्णा म्हणाले, "गाडी दारात उभी आहे. तेवढी एक जागा सोडून दे ना!" मी सोडली. बटण माझ्याच बोटाने दाबलं. दोनशे चाळीस बोर्ड त्या जागी न तपासता कोइमतूरच्या कंपनीकडे गेले.

ते नवजात बाळांना ऊब देणाऱ्या यंत्रांत बसतात. ती जागा तापमान मोजणाऱ्या भागाची. तिथे दोष राहिला तर बाळ भाजेल, पण यंत्राला कळणार नाही. गेल्या आठवड्यात त्याच खेपेतला, आमच्याकडे ठेवून घेतलेला एक बोर्ड भिंगाखाली धरला, तर नेमका तिथेच ते दोन बिंदू जोडणारा केसाएवढा तांब्याचा धागा राहिलेला.  अण्णा म्हणाले, "एक तरी परत आला का? मग कशाला उकरतेस? चाळीस माणसं घरी बसतील." बसतील, खरं आहे. पण अण्णा, बोर्ड परत यायची वाट बघताय म्हणजे कशाची वाट बघताय, ते एकदा मोठ्याने बोला.

अट अशी: माझ्या मृत्यूनंतर तीन दिवसांत हरिणीने सगळे क्रमांक त्या कंपनीला कळवावेत. न कळवल्यास हिस्सा गर्भातल्या बाळांना राखणाऱ्या तिरुक्करुगावूरच्या देवीला जावा.

३. इथवर लिहिलं आणि माझीच मला लाज वाटली. हा कागद मी मेल्यावर उघडणार. ऑपरेशन नीट झालं, दहा वर्षं जगले, तर तोवर त्या बाळांनी काय करायचं? म्हणून आत्ताच, साक्षीदारांसमोर, कंपनीच्या तपासणी अधिकारी सौम्या यांना फोन लावला. चूक माझी, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "क्रमांक सांगा." तोच खोलीत असलेल्या अण्णांनी माझ्या हातातून फोन हिसकावला. कापतात आता, असं मला वाटलं. त्यांनी तो स्वतःच्या कानाला लावला. मग म्हणाले, "मी शंकरनारायण बोलतोय. नऊशे बारापासून लिहून घ्या."

कलम दोनमधली अट रद्द. बाकी सगळं कायम. मी सही करते आहे आणि अण्णा अजून क्रमांक वाचताहेत.

पंकजा राव (सही)

साक्षीदार: १. मणी, ड्रिलिंग विभाग (सही)
२. राजगोपाल, निवृत्त शिक्षक (सही)

कुंभकोणम, १४ मार्च २०२५