चौकटीवरच्या रेघा

सोमवार, ३ मार्च

आले एकदाची! नवं गाव, नवी खोली, नवी नोकरी आणि ही नवी वही. खोलीचं दार इतकं उंच आहे की आत शिरताना मला वाकावं लागलं नाही. पाच फूट नऊ इंचांच्या बाईला घर बघताना आधी चौकट बघावी लागते. धाकट्या भावानं लहानपणी माझं नाव 'विजेचा खांब' ठेवलं होतं, ते अजून घरात चालू आहे.

बालगृहाच्या कचेरीत मात्र माझी उंची बघून सगळे खूश. कारकूनकाकांनी पहिल्या तासातच सगळी जाडजूड रजिस्टरं माझ्याकडून वरच्या फळीवर ठेवून घेतली. तिथवर आजवर कोणाचाच हात पोचत नव्हता म्हणे. माझं खरं काम वेगळं आहे. मूल दत्तक मागणाऱ्या जोडप्यांच्या घरी तीन वेळा जायचं, घर आणि माणसं नीट पारखायची, मुलाशी बोलायचं, आणि दोघांचा मेळ बसेल की नाही ते अहवालात लिहायचं. तीन भेटी, तीन सह्या, मग मुलाचा ताबा.

पहिलीच फाइल भिंगरीची. सात वर्षांची आहे. सतत स्वतःभोवती गिरक्या घेते म्हणून हे नाव पडलं. फाइलच्या पिवळ्या पुठ्ठ्यावर तिनं स्वतःचंच चित्र काढलंय, गोल झग्यातलं. एवढ्या मोठ्या मुलीला सहसा कोणी विचारत नाही, पण एका जोडप्यानं हिलाच मागितलंय. भिंगरीनं पिशवी भरून ठेवली आहे आणि दिवसभर पायांत बूट घालून बसते. आईबाबा अचानक आले तर उशीर नको, असं तिनं मला समजावून सांगितलं. मी हसले, आणि मग न्हाणीघरात जाऊन थोडी रडले. हिचं घर मी करून देणारच.

शुक्रवार, ७ मार्च

पहिली गृहभेट. बसच्या शेवटच्या थांब्यापासून चालत वीस मिनिटं. नवरा शिंपी आहे, गळ्यात टेप, कानावर खडूचा तुकडा. बायको काजं-बटणं करते. चाळिशीतली साधी, हळुवार माणसं. घर आरशासारखं लख्ख. मुलीसाठी खोली तयार आहे आणि कपाटात झगे शिवून घडी घालून ठेवलेत. सात वर्षांच्या मुलीचे, त्याखाली पाचच्या मापाचे, मग तीनच्या, मग अगदी तान्ह्या बाळाचे. लहान कशाला, असं विचारलं तर बाई म्हणाली, लागतात. मग डोळे पुसत म्हणाली, आमच्याकडे मुलं टिकत नाहीत हो. मला भरून आलं. मी तिचा हात हातात घेतला आणि पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

त्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खूप रेघा आहेत, प्रत्येकीपुढे तारीख. भाचरांची उंची घेतो, असं शिंपी म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला, अशी उंची रोज कुठली दिसायला, उभ्या राहा बघू. मीही हसत चौकटीला पाठ लावली. त्यानं माझ्या डोक्यावर रेघ मारली आणि आजची तारीख घातली.

निघताना भेटींचं रजिस्टर काढलं. कारकूनकाकांनी बजावलं होतं की तिन्ही सह्या पहिल्याच दिवशी करून टाका, एवढ्या लांब तीनदा कोण रजिस्टर नाचवणार, इथे सगळे असंच करतात. नियमात बसत नाही हे मला कळत होतं. पण नवीन माणसानं पहिल्याच आठवड्यात शहाणपणा कशाला दाखवायचा? ७, १४, २१. तीन सह्या ठोकल्या. भेटी मी करणारच आहे, नुसती सही आधी.

मंगळवार, ११ मार्च

अहवाल जवळजवळ झाला. 'अत्यंत योग्य कुटुंब' असं लिहिलं. भिंगरीनं आईचे केस लांब आहेत का एवढंच विचारलं. आहेत म्हटल्यावर तिनं सात गिरक्या घेतल्या.

खुंटीला एक निळी छत्री लटकलेली असते. माझ्याआधीच्या ताईंची. त्या राजीनामा न देताच गेल्या, असं काका म्हणाले. छत्रीसुद्धा नेली नाही.

शुक्रवार, १४ मार्च

आज दुसरी भेट होती, पण अधीक्षकबाईंनी दिवसभर बैठकीत अडकवलं. जाणं राहिलं. सोमवारी जाईन. सही तर आहेच.

दुपारनंतर पँटचे पाय टाचेखाली यायला लागले. कापड सैल पडलं असेल. रजिस्टर काढताना चवड्यांवर उभं राहावं लागलं.

सोमवार, १७ मार्च

मुलांची उंची मोजायचा तक्ता भिंतीवर आहे. सहज उभी राहिले. पाच फूट एक.

पुन्हा उभी राहिले. पाच फूट एक.

काका म्हणाले, तक्ता जुना आहे, मनावर घेऊ नका, हवापालटानं बारीक झालात एवढंच. डॉक्टर हसले, या वयात कोणी आठ इंच आखडत नाही असं म्हणाले आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. फक्त भिंगरीनं विचारलं की ताई, तू हल्ली जवळ का आलीस? मी वाकले नव्हते, तरी तिचे डोळे मला नीट दिसत होते.

शिंप्याकडे गेले नाही. उद्या जाईन.

मंगळवार, १८ मार्च

गेले. न कळवता. बाईनं दार उघडलं आणि मला बघून तिला इतका आनंद झाला की मी उंबऱ्यातच एक पाऊल मागे सरले.

मी सरळ त्या चौकटीशी गेले. माझी ७ मार्चची रेघ वर होती. तिच्या बरीच खाली दुसरी, १४ मार्च. मी १४ तारखेला इथे आलेच नव्हते. ती रेघ बरोबर माझ्या डोक्याला लागत होती.

शेजारी दुसऱ्या रेघांची रांग. १० जानेवारी, १७, २४. मग दर दोन-चार दिवसांनी एक, खाली, आणखी खाली. शेवटची २८ फेब्रुवारी, जमिनीपासून वीतभर. त्यानंतर काही नाही.

कचेरीत येऊन रजिस्टर चाळलं. १०, १७, २४ जानेवारी. तेच घर. निळ्या छत्रीच्या ताईंच्या तीन सह्या, एकाच शाईत, एकाच बैठकीतल्या.

भाचरं नव्हती ती.

बुधवार, १९ मार्च

अधीक्षकबाईंना सगळं सांगितलं. रेघांचं नाही, ते कोण ऐकणार? घर योग्य नाही एवढंच म्हणाले. त्यांनी माझाच अहवाल माझ्यापुढे टाकला. तिन्ही सह्या आहेत, २१ तारीख अजून यायचीय हे इथे कोण बघतं, हुकूम निघालाय, शुक्रवारी ताबा. पहिल्या भेटीच्याच दिवशी तिन्ही सह्या केल्या असं कबूल केलं, तर त्यांनी मला रजेवर जायला सांगितलं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर रजिस्टर काढायला गेले. वरची फळी. मीच ठेवलंय तिथे. खुर्चीवर स्टूल ठेवून चढले, ओढून काढलं, ते पान फाडलं. बारीक बारीक तुकडे केले.

उंची आली नाही. हुकूमही थांबला नाही, त्याची प्रत आधीच गेली होती.

भिंगरी दारात बूट घालून बसली आहे. तिला वाटतं मी तिच्या घराचंच काम करतेय.

गुरुवार, २० मार्च

हातापाया पडले. खरंच पडले, शिंप्याच्या पायांवर. भिंगरीला सोडा म्हटलं. तो ओशाळला, मला उठवलं, पाणी दिलं. म्हणाला, आम्हाला एकच मूल झेपतं. घरात एक असलं की दुसरं आम्ही मागत नाही. बाई माझे केस विंचरत होती. मी तिला अडवलं नाही, हे लिहायला लाज वाटते.

त्यानं मला विचारलं, तिच्याऐवजी तू येतेस का? मी हो म्हटलं. त्यानं लगेच पत्र लिहिलं, की आमचा विचार बदलला, ती मुलगी नको. पत्र मीच घेऊन आले.

रडतेय. घाबरलेय. पण ती वाचेल.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी उठले तर पलंगावरून पाय जमिनीला लागेनात. अंगात शर्टच झग्यासारखा.

बालगृहात पत्र नेलं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, कुणाची गं तू? पत्र अधीक्षकबाईंकडे गेलं. ताबा रद्द. मी स्वतः ऐकलं.

भिंगरीनं ओळखलं मला. आम्ही दोघी सारख्या उंचीच्या झालो होतो. तिनं बूट काढले आणि माझ्या अंगावर फेकले. तू माझे आईबाबा घेतलेस, असं किंचाळली. समजावायला तोंड उघडलं, पण बाहेर शिंपी उभा होता, मला न्यायला.

तिला कधीच कळणार नाही.

मंगळवार

सातच्या मापाचा झगा सैल झाला. बाईनं पाचचा काढला. ती वाईट वागत नाही. भरवते, कुशीत घेते, आणि मी कमी होत जाते. रोज संध्याकाळी चौकट. दार उघडायला कडी वर —

तारीख नाही

तीनचा झगा.

अक्षर मोठं येतंय. पेन्सिल मुठीत धरते. मी वहीत सगळं लिहून ठेवतेय — कोणी वाचलं तर — मी पाच फूट नऊ होते. भावानं मला खांब म्हणायचा. मला. भाऊ मला.

दुपार

बाई रडते आहे. टिकत नाही गं, म्हणते. शिंपी कागद भरतोय. नवा अर्ज. मी विचारलं एकच ना — एकच म्हणाला होतास — तो म्हणाला हो, एका वेळी.

नाव भिंगरीचं. डोळ्यांपुढे तोच पिवळा पुठ्ठा. चित्र. गोल झगा —

दिवस

चालता येत नाही. रांगते. वही गादीखाली.

दारात नवी बाई आलीय. हसरी. तरुण. शिंपी तिला चौकटीशी उभी करतोय — ती हसतेय —

काखेत रजिस्टर. भिंगरीची फाइल.

ओरडले. नुसतं रडू येतं. तिनं मला उचललं, किती गोड बाळ म्हणाली. मी तिचा हात धरला, पेनचा हात, दोन्ही मुठींनी. तिनं हळूच सोडवला. मला खाली ठेवलं. वहीजवळ.

टोपण काढलं तिनं. एक सही केली. पान उलटलं नाही, तिथेच दुसरी —

नको. ताई नको. तिसरी नको क