अक्का फुलांत रमली

कट्टा, मालवण
वैशाख, १९५९

प्रिय सरला,

मोगरा यंदा असा फुटलाय की विचारू नकोस. होळीनंतर त्याची पानं ओरबाडून काढली, मुळांना ऊन दाखवलं, तेव्हा तुझी आई म्हणाली होती, वन्संनी झाड मारलं. आता ये म्हणावं बघायला. संध्याकाळी कळशीनं पाणी घालताना तापल्या मातीचा आणि मोगऱ्याचा वास एकदम येतो, आणि कळशी रिकामी झाली तरी मी तिथंच उभी राहते. बकुळीखाली सकाळी पाय ठेवायला जागा नसते. सुरंगी चैत्रातच आटपली. अबोलीचा वाफा मात्र गच्च भरलाय, आणि शेजारच्या मथुरेच्या कोंबड्या नेमक्या त्यातच उकरायला येतात. काल एकीला खराटा फेकून मारला, तर मथुरा कुंपणापलीकडून माझ्या नावानं कितीतरी वेळ बोटं मोडत होती. मी काय कमी आहे? मीही चार ऐकवल्या. मग संध्याकाळी तिच्या सुनेला केसांत माळायला अबोलीचा वळेसर करून पाठवला.

अक्षर वाकडं आहे, हसू नकोस. मास्तरीणही तूच होतीस. चौथीत होतीस तेव्हा मला विहिरीच्या कठड्याशी बसवून पाटीवर गिरवायला लावायचीस, आणि चुकलं की आत्याचा कान धरायचीस. एकाच कान्याचं सोपं म्हणून मी आधी 'सरला' लिहायला शिकले, माझं स्वतःचं नाव मागाहून. आता या घरात तुझं नाव कोणी मोठ्यानं घेत नाही गो. मार्गशीर्षात आमचे जावई सदानंदराव विषमज्वरानं गेले, तेव्हापासून तुझी आई केसांत फूल माळत नाही. मी सवयीनं ओवत बसते, ती सवयीनं हात पुढं करते, आणि मग आत निघून जाते. मी तो वळेसर देवाला घालते. एका देवाला किती फुलं घालायची?

तुझ्या लग्नात मुंडावळ्यांची फुलं माझी, वेणी माझी, आणि मी मात्र मागच्या पडवीत. मंगल कार्यात माझ्यासारखीनं पुढं यायचं नसतं, त्याचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं, सवय झालेली. पण निघताना तू शालू सावरत मागच्या दारानं आलीस आणि माझ्या पाया पडलीस. तुझी आई घाबरली, अपशकुन अपशकुन म्हणत तुला ओढायला धावली. तू तिला म्हणालीस, अक्काच्या आशीर्वादाशिवाय मी गाडीत बसणार नाही. मार्गशीर्षात तार आली त्या दिवशी मला तेच आठवलं. माझंच काही लागलं की काय तुला, असं वाटून मी पुष्कळ दिवस परड्यातसुद्धा गेले नाही. झाडं सुकली तेव्हा कुठं उठले.

परवा तुझं पत्र आलं. जयरामानं, म्हणजे तुझ्या बाबानं, पडवीत बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. मामंजी तुला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवायला तयार आहेत, सावंतवाडीतल्या मुलींच्या शाळेत पुढं जागाही मिळेल म्हणतात. आणि तू लिहितेस, मला काही नको, बाबा, मला घरी न्या, मीही अक्कासारखी फुलांत रमेन. तुझ्या आईनं डोळे पुसले. जयराम माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "खरां आसा. अक्का बघ, कशी फुलांत रमली हा." मी ओवत होते. हातातलं तसंच टाकून विहिरीवर गेले आणि पाणी नको असताना पाणी काढत राहिले.

तर ऐक. मला चौदावं संपायचं होतं. नवऱ्याचा चेहरासुद्धा मला नीट आठवत नाही, खोटं कशाला सांगू. ते गेले तसे सासरच्यांनी माझे केस काढले, आणि माझ्या बापानं मला इथं आणून हे रान माजलेलं परडं दाखवलं. "ह्यां परडां आता तुझां. हंयच जीव रमव." बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नसेल. त्याच वर्षी पिंगुळीचे बाहुल्यांचा खेळ करणारे गावात आले होते. सगळं घर देवळात गेलं. मी इथं नव्या मोगऱ्याला पाणी घालत होते, तिकडून ढोलकी ऐकू येत होती, आणि मला त्या बाहुल्या बघायच्या होत्या. इतक्या बघायच्या होत्या की मी मोगऱ्याची दोन रोपं उपटून फेकली, आणि मग रडत रडत परत लावली. पुढं ती फुलली तशी लोक म्हणायला लागले, पोरगी रमली. मीही म्हणू लागले. मला दुसरं काही कोणी दिलंच नव्हतं गो. फुलं आवडतात मला, त्यात खोट नाही. पण मला खूप काही आवडलं असतं, आणि ते काय काय, हे मला आता सांगताही यायचं नाही, कारण ते मी पाहिलंच नाही.

जयराम अक्षयतृतीया झाली की तुला न्यायला येणार आहे. त्याच्याबरोबर येऊ नकोस. मामंजींना सांग, मी ट्रेनिंगला जाते. बाप रागावेल, आई अन्नपाणी सोडेल, त्यांना मी बघून घेईन, माझी जीभ अजून शाबूत आहे. सुट्टी लागली की पाहुणी म्हणून ये, आणि सुट्टी संपली की जा. तू कायमची आलीस तर मला किती बरं वाटेल, याची तुला कल्पना नाही. बोलायला माणूस मिळेल, सकाळी उठायला कारण मिळेल, म्हातारपण सुखात जाईल. परवापासून मी मनात तुझं अंथरूण माझ्या शेजारी घालते आणि पुन्हा गुंडाळून ठेवते. म्हणून तर सांगते, सरला, माझ्या घरी येऊ नकोस.

तुझीच,
अक्का