खळ्याजवळचा फटका

३ डिसेंबर १९३३, शहादा

शी! आजपासून मी गोल्फ खेळतो. असं बापूजींनी ठरवलं! मला विचारलंसुद्धा नाही, पंचांच्या बैठकीत परस्पर सांगून मोकळे — "आमचा चांदमल पुण्याला कॉलेजात होता, तो खेळेल साहेबाशी." पुण्याला मी नाटकं पाहिली आणि तर्कशास्त्रात नापास झालो. गोल्फची काठी कशी असते तेही पाहिलं नव्हतं.

हे सगळं पांजरपोळासाठी. लंगडे, आंधळे, म्हातारे बैल लोक आमच्या दारात आणून सोडतात. आम्हा जैनांचं महाजन नाही म्हणणार नाही हे सगळ्या तालुक्याला ठाऊक! आमचा नोहरा, म्हणजे घराजवळचं भिंतीचं आवार, गुरांनी भरला, पंचांतल्या रतिलालशेटचा भरला. गोमाई नदीच्या काठाला सरकारी पडीक जमीन आहे, पाणी जवळ, झाडांची सावली. सही मात्र प्रांतसाहेबांची. ते थंडीभर इथे डाकबंगल्यावर मुक्कामाला आहेत, आणि त्यांच्याशी खेळणारे डॉक्टर बदलून गेले. म्हणून माझा बळी. उन्हाळ्याआधी जागा मिळाली नाही तर ही गुरं रस्त्यावर मरणार, हे बापूजी दिवसातून चारदा ऐकवतात.

५ डिसेंबर

डाकबंगल्यामागच्या माळावर खेळ. विलायतेत म्हणे भोकाभोवती मखमलीसारखी हिरवळ असते. इथे रेतीत तेल ओतून, थापून गोल खळं केलंय. मधे भोक, भोकात झेंडी, झेंडी धरायला पट्टेवाला रेवजी.

लांबून मी बरा मारतो. नुसता जोर लावायला अक्कल लागत नाही. पण खळ्यापाशी आलो की संपलं! तिथे लहानसा फटका मारायचा — चेंडू जरासा उडून खळ्याच्या कडेला पडावा आणि पुढे आपला आपण घरंगळत भोकाकडे जावा. साहेब त्याला 'चिप' म्हणतात. माझा चेंडू एकतर जागचा हलत नाही, नाहीतर काठी त्याच्या टाळक्यात बसते आणि तो खळं ओलांडून थेट बोरीच्या काट्यांत. साहेब पाइप दातांत धरून हसतात. मग थुंकतात. त्या तंबाखूच्या वासानं मी तोंड फिरवतो.

८ डिसेंबर

पुन्हा बोरीत. हात ओरबाडले. साहेबांच्या कुत्र्यानं माझ्या धोतराला तोंड पुसलं.

११ डिसेंबर

आज साहेब वैतागले. माझ्यामागे उभे राहून ओरडले, "उठाता क्यों है? नीचे मारो! मट्टी को मारो, बॉल आप उठेगा!"

तेव्हा कुठे कळलं. काठी जमिनीजवळ आली की माझं मनगट आपोआप वर वळतं. का वळतं? माँनं लहानपणापासून शिकवलं — पाऊल बघून टाक, माती उकरू नको, काडीनं जमीन टोकरू नको, खाली जीव असतात. ते हातात पार मुरलंय. चेंडूखालची मुंगी वाचावी म्हणून फटका चुकवणारा अख्ख्या मुंबई इलाख्यात मी एकटाच असेन! साहेबांना हे काय सांगणार? ते आणखी हसतील. "जी साहेब" म्हणालो. स्वतःचीच शिसारी आली.

१३ डिसेंबर

सरावासाठी बापूजींनी नोहऱ्याचा कोपरा मोकळा करून दिला. तिथले दोन बैल बाहेर रस्त्यावर बांधले. मी म्हटलं, बैलांसाठी बैलच बाहेर? तर म्हणाले, "चार दिवसांची गोष्ट. जागा मिळाली की सगळे आत."

सगळा भार डाव्या पायावर. हात चेंडूच्या पुढे. काठी मागे थोडीशीच न्यायची. मनगट वळू नये म्हणून त्याला बांबूची कामटी लावून वर फडकं बांधलं. पुढे घमेलं ठेवलं, त्यात चेंडू टाकायचा. तो सोडून सगळीकडे पडतो. उरलेले बैल रवंथ करत माझ्याकडे बघतात. बघा, बघा!

१६ डिसेंबर

माँनं पाहिलं. आज चौदस, घरात हिरवी भाजीसुद्धा चिरत नाहीत, आणि मी तिच्या डोळ्यांदेखत जमीन फोडतोय! "माटी में जीव है रे, बेटा." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

काठीच्या मुठीला चामडं आहे, म्हणून आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही. तेही ठीक. पण तिनं आजपासून आंबेल धरलंय — एकवेळ, अळणी, तूप नाही, तेल नाही, नुसतं शिजवलेलं धान्य. माझ्या पापाचं प्रायश्चित्त ती करणार! बापूजी म्हणाले, "तिकडे मुंगी, इकडे बैल. तोलून बघा." माँनं तोललं नाही. ताटावरून उठून गेली. वीट आलाय मला या घराचा, या खेळाचा, त्या बैलांचासुद्धा.

२० डिसेंबर

जमलं! खळ्याच्या अलीकडे पाच-सहा हातांवर चेंडू होता. मनगट घट्ट धरलं आणि सरळ खाली मारलं. कच्च असा आवाज आला, मातीचं ढेकूळ उडालं. चेंडू अलगद वर, कडेला टप्पा, मग शहाण्यासारखा घरंगळत झेंडीपाशी जाऊन थांबला. साहेबांनी टाळी वाजवली. रेवजी झेंडी हलवत ओरडला, "भाऊ, आते जमनं बरं तुमले!"

ढेकूळ उडालं तिथे मुंग्यांचं घर होतं. पांढरी अंडी तोंडात धरून सैरावैरा पळत होत्या, काही नुसत्याच वळवळत होत्या. मी ते पाहिलं. पण आधी चेंडू कुठे थांबला ते पाहिलं! याची किळस कुणाला सांगू?

२२ डिसेंबर

पुन्हा जमलं. जेवण गेलं नाही.

२५ डिसेंबर

साहेब नाताळाला धुळ्याला गेलेत. खेळ नाही. सुटलो म्हणायचं, तर सकाळी उठून माझा मीच नोहऱ्यात! कुणी सांगितलं नव्हतं. पाठोपाठ चेंडू घमेल्यात पडत होते आणि मी तोंडातल्या तोंडात "खाली, खाली" म्हणत होतो.

बाहेर कसला तरी गलका झाला. हा एक मारून जाऊ, म्हणत आणखी बरेच मारले. मग गेलो. रस्त्यावर बांधलेल्यांपैकी आंधळा बैल गेला होता. रात्रीच्या थंडीनं आखडला, सकाळी बसला तो उठलाच नाही. आत भिंतीच्या आडोशाला त्याची जागा होती. तिथे मी घमेलं मांडलं होतं.

माँनं त्याच्या कानात नवकार मंत्र म्हटला. माझ्याकडे पाहिलं नाही.

२६ डिसेंबर

बापूजींना म्हटलं, पुरे, मी नाही जात. ते माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. बापानं मुलापुढे! "आता मागे फिरलास तर तो बैल फुकट गेला." घाणेरडं बोलणं. पण खोडून काढता येईना.

४ जानेवारी १९३४

साहेब परतले. आज सगळा डाव मी जिंकलो. शेवटी चेंडू खळ्याबाहेर खड्ड्यात होता, साहेब म्हणाले, इथून नाही व्हायचं. खाली मारला. टप्पा, घरंगळ, भोकात! झेंडीला टक् आवाज आला. साहेबांनी मला मिठीच मारली — तंबाखू, घाम, कुत्रा, सगळा वास एकदम. म्हणाले, एवढ्या थोड्या दिवसांत असा हात बसलेला मी पाहिला नाही. मग आपण होऊनच — "नदीकाठच्या जागेचा कागद उद्या काढतो."

धावत घरी. बापूजी रडले. रतिलालशेटनं पेढे वाटले. माँ म्हणाली, गुरं आत गेल्यावर आंबेल सोडीन.

६ जानेवारी

रेवजी निरोप घेऊन आला, मान खाली घालून. "भाऊ, साहेबनी सही करी टाकी. पन पांजरपोळले नही. खेळले." गोमाईकाठची जमीन गोल्फसाठी राखून ठेवली. शेरा असा, की शहाद्यास आता खरा खेळाडू मिळाला, त्याला हा खडकाळ माळ शोभत नाही. साहेबांना वाटतंय, मला केवढं मोठं बक्षीस दिलं.

बापूजी भिंतीकडे तोंड करून निजलेत. माँनं बाहेरच्या उरलेल्या बैलाला स्वतः आत आणून बांधलं.

आणि मला निरोप ऐकताक्षणी पहिलं काय वाटलं? नदीची माती मऊ असते. तिथे फटका छान बसेल.