सहा खळगे आणि अग्येकुम सर

१२ फेब्रुवारी, सोमवार
नाहीच म्हणाले! ‘सेरवा, तू गृहशास्त्राची. माझ्या गणिताच्या वर्गात तुझं काय काम?’ मी हटले नाही. अग्येकुम सर झाडाखाली ओवारे, तो खळग्यांत बिया टाकायचा खेळ, खेळत बसले होते. शेवटी वैतागून त्यांनी मातीत बोटानं गोलात सहा खळगे काढले. पहिल्यात ओवारेची एक बी, तिसऱ्यात एक, बाकी रिकामे. दर खेपेला शेजारशेजारच्या दोन खळग्यांत एकेक बी टाकायची. ‘सगळ्यांत सारख्या बिया करून दाखव, मग हेडमिस्ट्रेसकडे तुझ्यासाठी शब्द टाकतो.’
एवढंच? उद्याच दाखवते!

१३ फेब्रुवारी
जमत नाही.

१५ फेब्रुवारी
स्वयंपाकाच्या तासाला सूप करपवलं. माझी मैत्रीण डुफी म्हणते, ‘बाई गं, नवऱ्याला उपाशी ठेवशील, पण बिया मोजशील!’ हसू दे. रडकुंडीला आलेय, तरी मजा येतेय! शिवणाच्या तासाला असं कधी झालं नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
सापडलं! जमतच नाही, हेच उत्तर! पहिल्यापासून एक सोडून एक खळगा लाल समजायचा, मधले पांढरे. दर खेपेला एक बी लालमध्ये पडते, एक पांढऱ्यात. लाल सुरुवातीलाच दोन बियांनी पुढे — म्हणजे कायमचे पुढेच. सारखे होणार कसे? अंगावर काटाच आला.
तशीच धावत स्टाफरूममध्ये गेले. उजवा हात पिठानं बरबटलेला, म्हणून कागद डाव्या हातानं पुढे केला. डाव्या! सरांना! आणि वर म्हणते काय, ‘सर, तुमचं गणित चुकलंय.’ ‘घरी हेच शिकवलं का?’ एवढंच बोलून सर निघून गेले. कागद टेबलावर तसाच.
संपलं. मीच घालवलं. खूप रडले.

१९ फेब्रुवारी, सोमवार
डुफीनं बजावलं, ‘आधी माफी माग, गणित मग.’ मागितली, खाली मान घालून. सर खाकरले. ‘तो कागद मी नंतर गुपचूप उचलला. शनिवार-रविवार नुसत्या बिया टाकत होतो. बायको म्हणाली, जेवायला पण याच वाढू का?’ मग हळूच म्हणाले, ‘मी न तपासताच घातलं होतं गं. तुझंच बरोबर आहे.’
सर लगेच हेडमिस्ट्रेसकडे गेले. त्या म्हणे विचार करून सांगणार. माझा जीव टांगणीला! देवा, हो म्हणू दे त्यांना.

२० फेब्रुवारी
अजून काही नाही. नुसतं बसवेना, म्हणून परत खळगे काढले.

२१ फेब्रुवारी, बुधवार
सर आमच्या वर्गाच्या दाराशी, धापा टाकत — ‘सेरवा! हो म्हणाल्या! सोमवारपासून माझ्या वर्गात!’ डुफीनं किंचाळून मिठीच मारली. आणि मी? मी म्हटलं, ‘सर, एक मिनिट थांबा — खळगे सात असले ना, तर जमतं!’