देठावरचं जित्राब

माय, आज दिवसभर प्रयोगशाळेत एका जित्राबाचं वर्णन लिहीत बसले आहे. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, खातात का त्याला? नाही खात. समुद्राच्या तळाशी, उजेड पोचत नाही तिथं ते राहतं. लांब बारीक देठ, बुडाशी चिखलात रुतलेले मुळ्यांसारखे धागे आणि देठाच्या टोकाला कापसाच्या बोंडासारखं अंग. बघणारा झाडच म्हणेल. अंगाला दोन तोंडं, एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. आत घशाची पिशवी. उथळ पाण्यातल्या याच्या भाऊबंदांत ती मैद्याच्या चाळणीसारखी बारीक असते, याच्यात मात्र जाळ्यासारखी ढोबळ. पिशवीला लगटून आतड्याचं एक वेटोळं. नर-मादी एकाच अंगात. आणि वरून चिवट अंगरखा, कापसाच्या धाग्यात जे द्रव्य असतं त्याच जातीच्या द्रव्याचा. आपल्या मानवतच्या कापूसपेठेतल्या माणसाला हे सांगितलं तर तो आधी भाव विचारेल.

ते दिवस अजून डोळ्यांपुढं आहेत. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, त्याला काही वर्षं झालीयत. मी औरंगाबादच्या कॉलेजातून सुट्टीला घरी आलेय आणि इकडे जिंतूरकडचं स्थळ येऊन बसलंय. त्यांना सून लगेच हवी, तिचं पुढचं शिक्षण नको. अडतीवरून येता-जाता दादा होणाऱ्या जावयाचं कौतुक सांगतायत, म्हणजे शब्द दिल्यातच जमा. माझं कॉलेज संपणार, हे मला दिसतंय. चुलीपाशी बसून मी वहीत याच्या उथळ पाण्यातल्या एका भाऊबंदाची आकृती काढतेय. तू आधी रागावतेस, जिवंत जीव चिरायचं शिकायला पोरीला धाडलं का म्हणून. मग भाकरी तव्यावर टाकून वाकून बघतेस. मी सांगते, पिल्लू असताना हे पोहतं, त्याला शेपूट असते, शेपटीत आपल्या कण्यासारखी एक काडी असते. मग ते दगडाला डोकं टेकून चिकटतं. शेपूट आटते, काडी विरघळते आणि जन्मभर ते एका जागी पाणी पीत बसतं.

तू भाकरी उलटलीस. "म्हंजी लगीन झालं म्हन की त्याचं."

मी पोट धरून हसले. तू हसली नाहीस.

दादा जेवत असताना तू कधी बोलायची नाहीस. त्या दिवशी पिठलं वाढता वाढता म्हणालीस, "पोरगी आजून पवायलीय. येवढ्यात दगडाला चिटकवू नका तिला."

दादांचा घास हातातच राहिला. त्यांना वाटलं मी विहिरीत उतरले होते. कुणाच्या विहिरीत, कुणी पाहिलं, हेच ते विचारत राहिले. शेवटी तू साध्या शब्दांत सांगितलंस की इम्तिहान झाल्याबिगर हे लगीन होणार नाही. दादा ताटावरून उठले. दोन दिवसांनी जिंतूरला नकार गेला, पण त्यानंतर कितीतरी दिवस ते तुझ्याशी सरळ बोलले नाहीत. भावकीतल्या बायका तुला काय काय बोलल्या तेही माझ्या कानावर आलं. तू सगळं गिळलंस. मला तुझा अभिमान वाटायचा आणि तुझी दयाही यायची.

मला सोडायला तू स्टेशनपर्यंत आलीस. तुझं लग्न झालं तेव्हा तू परकर नेसत होतीस, एवढंच मला माहीत होतं, त्यापुढचं तू कधी काढलं नाहीस. गाडी सुटायच्या बेतात असताना खिडकीचा गज धरून विचारलंस, "त्याचा कना इरघळतो, तवा दुखतं का गं त्याला?"

मी म्हटलं, पुस्तकात दिलेलं नाही. गाडी हलली. बरीच पुढं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की तू जित्राबाचं विचारत नव्हतीस. मग मी तोंड फिरवून रडले.

आज हातात असलेल्या या जातीचं पिल्लू अजून कुणी पाहिलेलं नाही, तसं मी लिहिलंय. देठाची लांबी, अंगरख्याचा रंग, पिशवीच्या घड्या, सगळ्याला वर्णनात जागा आहे. तुझ्या प्रश्नाला नाही. एक मात्र आहे. हे जित्राब केव्हाच मेलेलं, औषधात मुरलेलं, हे मला पक्कं ठाऊक असतं, तरी चिरण्याआधी मी त्याच्यावर बोट टेकवून जरा थांबते. बरोबरच्यांना वाटतं, बाई चिरायची जागा शोधतायत.