प्रार्थनेच्या जागी कापूस

बाबा, तुम्ही गेलात तरी वकिली मी अजून तुमच्याच टेबलावर करते, आणि तुमच्याशी भांडणही अजून मिटलेलं नाही.

झरी जामणीकडच्या कोलामांच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, तो म्हातारा. अंगणात दहा-बारा माणसं जमवून येशूची प्रार्थना करायचा. धर्म बाटवतो अशी कुणीतरी तक्रार केली आणि तो आत गेला. कापसाला भाव नसलेली ती वर्षं. त्यात बोंडं फुटलेली, आभाळ आलेलं आणि वेचायला घरात एकटी बायको. तुमची नागरी हक्क समिती म्हणजे तुम्ही, एक निवृत्त मास्तर आणि ज्याच्या गॅरेजात बैठका व्हायच्या तो मुसलमान मेकॅनिक. केस अर्थातच तुमच्याकडे आली. मी नुकती सनद घेतलेली, अंगात शहाणपण मावत नव्हतं. जामीनअर्जात मी लिहिलं की ती माणसं कापसाच्या भावावर बोलायला जमली होती. दोन दिवसांत सुटला असता. तुम्ही अर्ज वाचलात आणि फाडलात. कळंबच्या चिंतामणीची एकही चतुर्थी न चुकवणारे तुम्ही!

"तू त्याले विचारलं काय?"

"त्यात काय विचारायचं, बाबा? त्याचा कापूस वाया जाऊन राह्यला."

"त्यालेच विचार."

मी तणतणत तुरुंगात जाते. म्हातारा जाळीमागून शांतपणे सांगतो, "आमी प्रार्थनाच करत होतो, बाई. खोटं सांगून सुटलो, तं उद्या त्या अंगनात कसा बसू?"

तुम्ही तेच लिहिलंत: प्रार्थना केली, आणि तो त्याचा हक्क आहे. जामिनाला तीन आठवडे लागले. अर्धा कापूस काळा पडला. नंतर त्याच्या अंगणात आडवं यायची कुणाची हिंमत झाली नाही, हे खरं. पण त्याच्या बायकोच्या तोंडाकडे मला बघवलं नाही. तुमचा राग आला होता. अजून येतो.

मागच्या महिन्यात तशीच केस आली, दुसऱ्या पोडावरची एक बाई. मी तिला काही विचारलं नाही. कापसाच्या भावाचंच लिहिलं, ती त्याच संध्याकाळी सुटली. कोर्टाच्या पायरीवर माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, मंग आता रविवारी आमी प्रार्थनेले बसलो तं चालते ना?"

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. मी तिला म्हटलं, "थोडे दिवस नका बसू."