पंजाबरावच्या नाकावर टिच्चून

१० फेब्रुवारी

आजपासून लिहायला घेतलं. कोणी वाचावं म्हणून नाही. रागाला बसायला एक जागा पाहिजे म्हणून.

काल अमरावतीला जाऊन आलो. डॉक्टरीणबाई वयानं नातीएवढी, पण समजावून सांगते छान. उजवी किडनी कॅन्सरच्या गाठीपायी मागच्या वर्षीच काढली, आता फुप्फुसात ठिपके दिसतात. सुई नाही, सलाईन नाही. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, त्यानंतर तासभर काही खायचं नाही. तोडायची नाही, चावायची नाही, मनानं बंद करायची नाही. म्हणाली, काका, ही टार्गेटेड गोळी आहे. गाठीला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या हेरते आणि त्याच बंद करते. गाठ उपाशी पडते.

गोळी मला फार आवडली. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. नेमकी रसद तोडायची. माणसानंही असंच वागावं.

बाई असंही म्हणाली की आजार मुळातून जाणार नाही, दबून राहील. म्हणजे दिवाळीपर्यंत साफ. डॉक्टर लोक स्पष्ट बोलत नाहीत, आपण समजून घ्यायचं असतं.

११ फेब्रुवारी, दुपार

पंजाबराव येऊन गेला. शेजारचा. आम्ही दोघं एकाच नाल्यात पोहायला शिकलो. डझनभर केळी घेऊन आला आणि ओसरीवर पाच माणसं बसलेली असताना म्हणाला, "देवीदास, यंदा हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याची भाजी मी पाहतो. तू निस्ता बसून राय."

बसून राय!

मिसरूड फुटल्यापासून त्या कढईजवळ मी उभा आहे. तेल्हारा तालुक्यात कणकेचे रोडगे कोणीही भाजेल, पण सगळ्या गावाच्या पंगतीला पुरेल एवढी वांग्याची भाजी उतरवायची आणि तीसुद्धा न चाखता, हे माझं काम. मारुतीला नैवेद्य दाखवल्याशिवाय कढईतला थेंब कोणी जिभेला लावत नाही. मीठ मी वाफेवरून ओळखतो. पंजाबरावला घरच्या वरणातलं मीठ कळत नाही.

बोलताना डोळ्यात पाणी आणलं होतं. नाटक्या. आमच्या पार्बताबाईनं, माझ्याच बायकोनं, त्याला अद्रक घालून चहा दिला. घरातूनच फितुरी.

ठराव: एक, पंजाबरावच्या तेरवीचं, तेराव्या दिवसाचं जेवण जेवल्याशिवाय मी मरत नाही. दोन, भाजी मीच करीन. तीन, पहिल्या पंगतीत त्याला बसवून माझ्या हातानं वाढीन आणि तो खात असताना समोर उभा राहीन.

२६ फेब्रुवारी

गोळी लागू पडली. पोट दिवसातून इतक्या वेळा साफ होतं की आत आता काही उरलं नसेल. पार्बता म्हणते हे साइड इफेक्ट आहेत. मी म्हटलं, रोग बाहेर पडतोय.

केळी पंजाबरावचीच होती. दोष कोणाचा ते उघड आहे.

९ मार्च

मिशी पांढरी झाली. पंधरा दिवसांपूर्वी काळीभोर होती, आता कापसाच्या बोंडासारखी. भुवयाही त्याच वाटेला लागल्या. डॉक्टरीणबाईला फोन केला तर म्हणाली, होतं असं या गोळीनं, घाबरू नका. घाबरतो कोण. उलट चेहऱ्यावर तेज आलं आहे.

पंजाबराव स्वतःची मिशी रंगवतो. मला पाहून त्याला काही सुचेना. निस्ता पाहत राहिला आणि घरी निघून गेला. जळला.

१७ मार्च

जिभेवर लोखंड आहे. भाकरी लोखंडाची, ठेचा लोखंडाचा. दूध तर पत्र्याचं. पार्बतानं माझ्या आवडीची कढी केली. मी म्हटलं छान झाली. तिनं विचारलं, मीठ घालायचं राहिलं होतं, कळलं नाही का?

भाजी वाफेवर होते. जिभेचा संबंध नाही. काळजीचं कारण नाही.

२१ मार्च

पंजाबरावची रसद तोडायला घेतली. टार्गेटेड. तो संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून भंडाऱ्याचे बेत सांगतो, चार-सहा जण माना डोलवतात. ती माणसं हीच त्याची रक्तवाहिनी. मी एकेकाला गाठून सांगितलं, उद्यापासून चहा माझ्या ओसरीवर. आपोआप उपाशी पडेल.

२२ मार्च

सगळे आले. त्यांच्यासोबत पंजाबरावही आला. पार जवळ की ओसरी जवळ, तर ओसरी त्याच्या घराला लागून आहे, हे ध्यानात आलं नव्हतं. दोन कप प्याला. मला विचारलं, गोळी घेतो ना टायमावर? मी उत्तर दिलं नाही. पार्बतानं दिलं.

२८ मार्च

तळहाताची आणि तळपायाची साल निघून राहिली. मलम लावतो, मऊ चप्पल घालतो. पण भंडाऱ्याच्या कढईजवळ चप्पल चालत नाही. अनवाणी, तापलेल्या जमिनीवर, सकाळपासून उभं राहायचं आणि खोऱ्याएवढा झारा फिरवायचा.

कुंदनला फोनवर सांगितलं. मुलगा माझा, नांदगाव पेठेत कापडाच्या कंपनीत आहे. म्हणाला, बाबा, या वर्षी राहू द्या ना, पंजाबकाका करतील. पोरालाही फोडला त्यानं.

भंडाऱ्याच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की कढई माझी. पंजाबराव म्हणाला, त्याची इच्छा आहे तर करू द्या, मी हाताखाली राहतो. मोठेपणा पाहा. नमतं घेऊन वर चढण्याची त्याची जुनी रीत आहे.

१ एप्रिल

निर्णय घेतला. गोळीला भंडारा होईपर्यंत सुट्टी. नोकरदाराला रजा असते, बैलाला पोळा असतो, गोळीनं काय घोडं मारलं. पाय बरे होतील, जीभ परत येईल, पोट जागेवर बसेल. नंतर दुप्पट जोमानं घेऊ.

मनानं बंद करू नका असं बाई म्हणाली होती. मी मनानं करत नाही, पूर्ण विचारानं करतो आहे.

पार्बता पाण्याचा गिलास घेऊन समोर उभी राहते. गोळी गालात धरायची आणि मागच्या दारी चूळ भरायला जायचं. सोपं आहे.

८ एप्रिल

पाय सुधारले. परसात अनवाणी तीन चकरा मारल्या. पंजाबराव कुंपणावरून पाहत होता, म्हणाला, चाल बरी दिसून राहिली तुही. मी म्हटलं, तुला वाईट वाटत असेल.

जीभ अजून आलेली नाही. रस्त्यात असेल.

१२ एप्रिल, हनुमान जयंती, संध्याकाळ

विजय.

पहाटेपासून कढईवर. वांगी माझ्या निवडीची, मसाला माझा. वाफ आली तेव्हा वाकून वास घेतला. लोखंडाचा आला. म्हणजे मीठ कमी. घातलं. पुन्हा वाकलो, पुन्हा तेच. अजून घातलं. पंजाबराव मागून हळूच म्हणाला, देवीदास, दोनदा झालं. मी म्हटलं, कढई कोणाची? मग मी तिसऱ्यांदा घातलं, त्याला जागा कळावी म्हणून.

नैवेद्य झाला, पंगत बसली. पंजाबरावला पहिल्या ओळीत मधोमध बसवलं आणि स्वतः वाढलं. त्यानं पहिला घास घेतला आणि थांबला. सगळी ओळ त्याच्याकडे पाहून राहिली होती. काही क्षण असे गेले की मी आयुष्यभर विसरणार नाही. मग त्यानं रोडगा चुरला, सगळी भाजी कालवून खाल्ली, द्रोण पुढे केला आणि म्हणाला, "वाढ अजून."

मान खाली घालून मागावी लागली त्याला. भर पंगतीत. तो जेवला तसे सगळेच जेवले, कोणी चकार शब्द काढला नाही. इतकी शांत पंगत गावात झाली नसेल.

ऊन मात्र फार होतं. लोकांनी पाण्याचा टँकर रिकामा केला, दुसरा मागवावा लागला.

१३ एप्रिल

गोळी आजपासून सुरू करणार होतो. पण विजयाचा थकवा आहे. उद्यापासून.

१४ एप्रिल

पार्बतानं सांगितलं. मी नको म्हणत होतो तरी सांगितलं. भाजी तोंडात धरवत नव्हती. बायांच्या पंगतीत पोरं रडली. उरलेली भाजी गुरांपुढे टाकली तर गुरं हौदावर गेली.

मी म्हटलं, खोटं. पंजाबरावनं दोनदा घेतली.

ती म्हणाली, "म्हणूनच तं कोणी ताटावरून उठलं नाही."

माझ्यावर दया केली त्यानं. सगळ्या गावासमोर, माझ्याच हातून वाढून घेऊन. याच्यापेक्षा द्रोण फेकून मारला असता तर आवडलं असतं. तेरवीचा ठराव कायम, उलट आता दोन्ही वेळ जेवीन.

या रागात गोळी राहिली.

१६ एप्रिल

गोळी सुरू केली. पंजाबरावचा सूड घ्यायचा तर जिवंत राहावं लागेल, ही गोष्ट मध्यंतरी नजरेआड झाली होती.

२५ एप्रिल

अमरावतीला स्कॅन. कुंदनला सुट्टी मिळाली नाही, म्हणून पार्बतानं सोबत कोणाला धाडावं? पंजाबरावला. एसटीत त्यानं मला खिडकी दिली. फाइल स्वतःच्या मांडीवर धरली, जशी लग्नात कट्यार धरतात. दर्यापूरपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. दर्यापूरला मला उतरावं लागलं, पोटासाठी. त्यानं कंडक्टरला सांगून गाडी थांबवून ठेवली.

बाईनं फोटो पाहिले. ठिपके थोडे वाढले आहेत म्हणाली. मग विचारलं, काका, मध्ये गोळी बंद होती का?

मी म्हटलं, नाही.

ती लिहून घेणार तेवढ्यात पंजाबराव बोलला. आवाज चढवला नाही. "बाई, भंडाऱ्याच्या आधी याच्या पायाची साल निघणं थांबलं होतं. मले तवाच शंका आली. पण याले बोलायची माही हिंमत झाली नाही."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी तळहात पाहू लागलो. मग सांगितलं सगळं. ती रागावली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, हात-पाय दुखतात तर मला फोन करायचा होता, डोस कमी करता येतो, थांबवायची वेळ आली तर मी ठरवून थांबवते. खंड पडल्यामुळे वाढलं की गोळीच पुरी पडत नाही, हे आज सांगता येत नाही. आता थोड्या कमी डोसवर रोज घ्या, पुढच्या स्कॅनमध्ये कळेल. मी विचारलं, दिवाळीपर्यंत साफ होईल ना? ती म्हणाली, काका, दिवाळी चांगली जावी एवढं पाहू.

यातून या वेळी मला दुसरं काही समजून घेता आलं नाही.

बाहेर बाकावर बसलो. पंजाबरावनं पाण्याची बाटली दिली. वाटलं आता उपदेश करेल. त्यानं एवढंच म्हटलं, "मी तुही भाजी खाल्ली. दोनदा. आता तू गोळी खाय."

२८ एप्रिल

अत्याचार. पंजाबराव रोज सकाळी येतो. पार्बता गिलास देते, तो समोर वेताच्या मोड्यावर बसतो. गिळून झाल्यावर मला तोंड उघडायला लावतो. जीभ वर, मग डावा गाल, उजवा गाल. बैलाचे दात पाहावे तसे. शेजारची लेकरं पाहायला येतात.

सुडाची तयारी सुरू आहे. आज त्याच्या चहात साखर घातली नाही.

३० एप्रिल

त्याला शुगर निघाली आहे. बिनसाखरेचा चहा दिला म्हणून आभार मानले.

७ मे

दार उघडायला मुद्दाम उशीर केला. तो पायरीवर बसून राहिला. आतून मला त्याची पाठ दिसत होती, जरा वाकली आहे. उघडलं शेवटी. गोळीची वेळ टळत होती म्हणून, दुसरं कारण नाही.

१९ मे

पंजाबराव कालच अकोल्याला मुलीकडे गेला, चार दिवस राहणार. सुटलो. आज गोळी आपल्या मर्जीनं, आरामात, वाटेल तेव्हा घ्यायची असं ठरवलं होतं.

रोजच्याच वेळी घेतली. पार्बता गोठ्यात होती. पाणी प्यालो, मोड्याकडे पाहून तोंड उघडलं, मग मिटलं.

थोड्या वेळानं अकोल्याला फोन लावला. घेतली, म्हणून सांगितलं. तो म्हणाला, खरं कसं धरू, तोंड उघड.

फोन माझा साधा, बटणांचा. त्यातून काही दिसत नाही.

उघडलं.